डाव्या पायाला काम नाही : बेस्टच्या गाड्या, ड्रायव्हरच्या सीटवरून

मरोळ नाक्याजवळ बूट शिवायला एक म्हातारा बसायचा. १९९१ साल असेल, बेस्टमध्ये लागून मला वर्षही झालं नव्हतं. साध्या कपड्यांत होतो. त्याच्यापुढे बूट टाकले, त्याने ते उलटे केले आणि विचारलं, "बेस्टवर ड्रायव्हर का?" म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, "डावा चवड्याखाली फाटलाय, उजवा टाचेला. डेपोतल्या सगळ्यांचं असंच."

डावा चवडा क्लचवर. उजवी टाच जमिनीवर रोवलेली आणि पंजा ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या मध्ये इकडून तिकडे. डावा पाय किती वेळा दाबावा लागतो ते मी एकदा मोजायला घेतलं होतं. अंधेरी स्टेशन ते सीप्झ एवढ्यातच आकडा दोनशेच्या पुढे गेला, तेव्हा नाद सोडला. आजही माझी डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आहे. बायको म्हणते, एका पायाने पैलवान आणि एका पायाने कारकून.

बेस्टच्या नव्या गाड्यांबद्दल लोक पुष्कळ लिहितात. एसी गार आहे, सीट कडक आहे, मोबाईलवर तिकीट निघतं, गाडी वेळेवर येत नाही. सगळं प्रवाशाच्या सीटवरून. मी ३१ वर्षं बेस्टमध्ये आणि निवृत्तीनंतर १४ महिने, बेस्टला ड्रायव्हरसकट गाड्या भाड्याने देणाऱ्या एका ठेकेदाराच्या इलेक्ट्रिक गाडीवर, अशी पुढच्या सीटवर काढली. तिथून काय वाटलं ते सांगतो.

पहिली हातात आली ती साधी सिंगल डेकर लेलँड. पॉवर स्टिअरिंग नाही. चाक एवढं मोठं की दोन्ही हात पसरून धरावं लागायचं, आणि डेपोच्या गेटमधून वळवताना सीटवरून अर्धवट उठून अंगाचा भार द्यायचा. इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उभ्या गाडीचं चाक फिरवायचं नाही. जरा सरकू दे, मग ओढ. हे ज्याला जमलं त्याचे खांदे वाचले. ज्याला नाही जमलं तो चाळिशीत आयोडेक्सचा गिऱ्हाईक झाला.

हेच इन्स्ट्रक्टर गियरच्या दांड्यावर नॅपकिन टाकून ठेवायचे. "खाली बघायचं नाही. कान दे." खालचा गियर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गियर. याला डबल क्लच म्हणायचे. इंजिनाचा सूर बरोबर लागला की दांडा आपसूक आत जायचा. नाही लागला तर अशी करकर व्हायची की मागून कंडक्टर ओरडायचा, "सुपारी फोडताय काय?" आणि पहिल्या सीटवरच्या बायका हसायच्या. लाज ही फार चांगली शिक्षिका आहे. दीड महिन्यात माझी करकर थांबली.

पहाटेची पहिली गाडी काढायची तर डेपोत साडेचारला हजर. पाणी, ऑइल बघायचं, टायरला पहार मारून आवाज ऐकायचा. टणक आला तर हवा आहे, बद्द आला तर फिटरला हाक. मग गाडी चालू करून नुसतं बसायचं, कारण ब्रेक हवेवर आणि टाकीत हवा भरेपर्यंत गाडी हलवायची नाही. काटा चढतोय, इंजिन थरथरतंय, काच थरथरतेय, काचेवर चिकटवलेला गणपती थरथरतोय. त्या पाच-सात मिनिटांत मी चहा प्यायचो. गाडी गरम व्हायची तसा माणूसही गरम व्हायचा.

इंजिन शेजारीच, बॉनेटखाली. मे महिन्यात डावी मांडी भाजून निघायची, ओला नॅपकिन टाकून बसायचो. पण त्याच बॉनेटच्या कोपऱ्यावर डबा ठेवला की दुपारी आमटी चुलीवरून नुकती उतरवल्यासारखी. इलेक्ट्रिक गाडीवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर गारढोण आमटी.

आता डबल डेकर. हिच्यावर सविस्तर लिहिणार, ज्याला घाई असेल त्याने पुढे सरकावं.

मुंबईत दुमजली बस १९३७ ला आली. बेस्टची पहिली बस त्याच्या अकरा वर्षं आधी, १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली होती. डबल डेकरवर ड्रायव्हरची केबिन वेगळी. प्रवाशांशी बोलणं नाही, भांडण नाही, सुट्ट्या पैशांची कटकट कानावर नाही. तुमचा जगाशी संबंध फक्त घंटीचा. एक टोला, थांबा. दोन टोले, चला. वरचा कंडक्टर वेगळा, खालचा वेगळा. माझ्या खालच्या कंडक्टरच्या दोन टोल्यांत किती अंतर आहे त्यावरून मला कळायचं की आज त्याचं घरी भांडण झालंय की नाही.

चालवायला ती अवघड नव्हती, उंच होती. यात फरक आहे. पुढचं, मागचं, बाजूचं तुम्हाला दिसतं. वरचं दिसत नाही. डोक्यावर एक मजला आहे, त्यात माणसं बसलीत, आणि पुढच्या काचेपाशी एखादं पोर नाक लावून बसलंय, हे सतत मनात धरून गाडी हाकायची. रस्त्याच्या डाव्या कडेची झाडं मला पाठ होती. कुठल्या झाडाची फांदी पावसाळ्यात खाली येते, कुठे दोन फूट उजवीकडे राहायचं, हे सगळं. नवीन ड्रायव्हर डबल डेकरवर आला की पहिल्या पावसात हमखास वरच्या डाव्या कोपऱ्याला फांदी घासायचा. वरून किंकाळी, मग हशा. सुट्टीच्या दिवशी रिक्षातून जाताना मी झाडांकडे बघत बसायचो, तेव्हा मुलगी म्हणायची, बाबा, आपण रिक्षात आहोत.

वळणावर तर ती बोलायची. वेग जरा जास्त झाला की वरचा मजला आधी कलतो आणि खालचा मागून येतो. तो कल सीटमधून कमरेत कळायचा, स्पीडोमीटर बघायची गरज नसे. वरती भरलेली आणि खाली रिकामी गाडी, हे सगळ्यात वाईट. म्हणून काही अनुभवी कंडक्टर रात्रीच्या शेवटच्या फेरीला वर कुणाला जाऊच द्यायचे नाहीत. लोक त्यांना आळशी म्हणायचे.

चढावर सिग्नल लागला की परीक्षा. हँडब्रेक, हाफ क्लच, इंजिनाचा आवाज जरा खाली बसला की समजायचं पकड आली, मग हँडब्रेक सोडायचा. मागे टॅक्सी अगदी चिकटून उभी. एक वीतसुद्धा मागे गेलं तर टॅक्सीवाला खाली उतरून सात पिढ्या काढणार. ही एक वीत वाचवणं हीच आमची कला. कुणी टाळ्या वाजवत नाही तिला.

२६ जुलै २००५ ला मी डबल डेकरवर होतो. कलिन्याच्या बाजूला, सीएसटी रोडवर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आकडे नंतर कळले. तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी सायलेन्सरपर्यंत आलंय. अशा वेळी रेस सोडायची नाही. पायाने क्लच अर्धा धरून गाडी मुंगीसारखी पुढे आणि इंजिन मात्र जोरात, म्हणजे धुराचा दाब पाण्याला आत येऊ देत नाही. असं जवळजवळ अर्धा तास चाललो. पुढे गाड्या बंद पडून रस्ताच संपला, तेव्हा नाइलाजाने मीही बंद केली. खालच्या मजल्याच्या सीटपर्यंत पाणी. सगळे वर. मीही केबिनमधून उतरून, कमरेपर्यंत भिजून, वर जाऊन बसलो. तोवर तीन-चार वर्षं त्या गाड्या चालवत होतो, पण डेपोबाहेर, रस्त्यात, वरच्या मजल्यावर बसायची ती माझी पहिलीच वेळ. एका कॉलेजच्या मुलीने बिस्किटाचा पुडा काढला तो मोजून फिरला, माणशी एक. सकाळी खाली उतरलो तर डाव्या पायात गोळा आलेला, उजवा ठीक होता.

शेवटची साधी डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, अंधेरी-सीप्झची ४१५. माझीच लाइन. हार-फुलं घालून लोकांनी निरोप दिला. मी गेलो नव्हतो, ठेकेदाराकडे दुसऱ्या टोकाला ड्युटी होती. पुतण्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, पण त्यावर त्याने गाणं चढवलं होतं, त्यामुळे इंजिनाचा आवाज काही ऐकू आला नाही.

मधल्या गाड्या पटकन उरकतो. सीएनजी आली तेव्हा धूर गेला, ही मोठी गोष्ट. डेपोत पहाटे डोळे चुरचुरायचे ते थांबले. पण चढावर तिचा जीव कमी पडायचा आणि गॅस भरायच्या रांगेत आमचा. लो फ्लोअर आल्या, म्हाताऱ्या माणसांना चढायला बरं झालं. एक पायरी, बास. पॉवर स्टिअरिंग आलं तेव्हा मी एका हाताने गाडी वळवून बघितली आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून आरशात पाहिलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

मधल्या काळात एका एसी गाडीवरही काही महिने होतो. कंपनीचं नाव घेत नाही. इंजिन मागे, त्यामुळे पुढे आवाजच येईना. आम्ही कानावर गाडी चालवणारी माणसं, आम्हाला बहिरं केलं. मे महिन्यात भर दुपारी उड्डाणपुलाच्या मध्यावर ती बंद पडली. बंद पडलीय हे मला काट्यावरून कळलं. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. दार उघडून सगळ्यांना खाली उतरवलं. एक गृहस्थ कोट घालून होते, ते म्हणाले, "एसीचे पैसे परत द्या." मी म्हटलं, साहेब, मीपण घामाने भिजलोय, माझे कोण देणार? तेही हसले, पण पैसे मागायचे थांबले नाहीत.

जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं खाली आलं, साधी ५ रुपये, एसी ६ रुपये. त्याच सुमारास ठेकेदारांच्या छोट्या गाड्या वाढल्या. त्यांच्यावर मी नव्हतो. प्रवासी म्हणून सांगायचं तर उंच माणसाने त्यात उभं राहू नये. आता तेच भाडं मे २०२५ पासून १० आणि १२ झालंय. एसीत बसायला अजूनही परवडतं, रिक्षाच्या मानाने काहीच नाही.

मी बेस्टमधून २०२१ ला निवृत्त झालो. वर्षभर घरी बसून सगळ्यांना नको झालो, मग ठेकेदाराकडे एसी इलेक्ट्रिकवर लागलो. आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खूप आहे. पाठ दुखत नाही. सीट हवेवरची, खड्ड्यात तुम्ही वरखाली होत नाही, सीट होते. केबिन गार. गियर नाहीत, तीन बटणं. डी, एन, आर. ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा लावला तरी गाडी अशी निघते की उभ्या माणसाने दांडा धरला नसेल तर तो मागच्याच्या मांडीवर. चढावर हाफ क्लचचं नाटक नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते. हे ज्याने समजून घेतलं त्याला ब्रेक फार कमी लागतो. दार बंद झाल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकायचीच नाही. लटकणारी पोरं हा विषयच संपला. मी ३१ वर्षं डाव्या आरशात लटकणारी पोरं मोजत चालवलंय, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी इलेक्ट्रिकला दहापैकी दहा देतो.

आता दुसरी बाजू. गाडीला आवाज नाही. स्टेशनबाहेर लोक रस्त्यात पाठ करून चालतात, भाजी घेतात, फोनवर बोलतात. डिझेलची गाडी मागे आली की माणूस न बघता बाजूला व्हायचा, पाठीला कळायचं. इलेक्ट्रिक मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता नाही. हॉर्न मारला तर दचकून उलट तुमच्याच पुढे उडी मारतात. मी शेवटी खिडकी उघडून "ओ ताई, ओ दादा" करत गाडी काढायचो. एसी बाहेर गेला तर गेला.

पावसाचंही तसंच. डिझेल कितपत पाण्यात जाईल ते मला अंगाने माहीत होतं. इलेक्ट्रिकला पाणी भरलेल्या रस्त्यात घालायचं नाही, असा आम्हाला हुकूम होता. बरोबरच आहे. पण हिंदमाताला गाडी अलीकडे थांबवून उभं राहायचं आणि प्रवाशांनी "काढा ना हो, ती बघा टॅक्सी गेली" म्हणायचं, त्याला उत्तर काय द्यायचं ते हुकमात नव्हतं.

आणि बॅटरीचा आकडा. सकाळी शंभर, दुपारी चाळीस, आणि एसी बंद केला तर प्रवासी ओरडणार. एकदा १८ टक्क्यांवर कंट्रोलला फोन केला, तर म्हणाले अजून एक फेरी होईल. झाली. पण त्या फेरीत मी रस्ता कमी आणि आकडा जास्त बघितला, आणि ड्रायव्हरने आकडा बघणं मला पटत नाही.

पण खरी गोष्ट डाव्या पायाची आहे. त्याला काम नाही. वीस-तीस वर्षं क्लच मारलेल्या माणसाचा पाय घाईच्या वेळी स्वतःहून खाली जातो. साध्या गाडीत तो क्लचवर जातो आणि इंजिन सुटं होतं. इलेक्ट्रिकमध्ये तिथे काहीच नाही, नाहीतर ब्रेकच्या पेडलची कड आहे. दोन पेडल, दोन पाय, म्हणून काही जण डाव्याने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर असं सुरू करतात. आरामाचं वाटतं. पण घाबरलेला माणूस दोन्ही पाय एकदम दाबतो. घाबरल्यावर डोकं नाही चालत, पाय चालतात.

आम्हाला बेस्टमध्ये लागताना नॅपकिन टाकून दीड महिना घासलं होतं. ठेकेदाराकडे मला मैदानात दोन चकरा मारायला लावल्या, बटणं दाखवली, एका कागदावर सही घेतली आणि तिसऱ्या दिवशी लाइनवर. माझ्याबरोबर टेम्पोवरून आलेला एक मुलगा होता, त्यालाही तेवढंच. मी सुपरवायझरला म्हटलं, याला अजून आठ दिवस द्या. तो म्हणाला, काका, गाडी उभी ठेवली तर मला दंड बसतो. त्याचंही खोटं नव्हतं.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. माणसं गेली. चूक कुणाची, हे ठरवणारा मी कोण? तोवर मी ठेकेदाराकडचं काम सोडून वर्ष झालं होतं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून जेवत होतो आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या पायाची बोटं आवळली गेलीत.

नवी एसी डबल डेकर मी चालवलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल प्रवासी म्हणूनच बोलायचा हक्क. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सीएसएमटी ते एनसीपीए ११५ वर सुरू झाली. नातवाला घेऊन गेलो. दोन दारं, दोन जिने, त्यामुळे वरून उतरताना धक्काबुक्की नाही. जुन्या गाडीत एकच जिना, मागे, आणि तिथे चढणारा-उतरणारा समोरासमोर आला की कोण मागे जाणार यावर वाद. वर पुढची काच जुन्यापेक्षा मोठी, मरीन ड्राइव्हचं वळण आलं तेव्हा नातू उभाच राहिला. पण वारा नाही. जुन्या गाडीत वर पुढे बसलं की तोंडावर येणारा वारा, केस उडणं, तो अर्धा प्रवास होता. पोराला त्यातलं काही माहीत नाही, त्यामुळे त्याच्याकडून पाच तारे. माझ्याकडून चार. एक वाऱ्याचा कापला. फांद्यांचं मात्र बघत होतो, ड्रायव्हरने एकही लावली नाही.

परवा सिंगल डेकर एसी इलेक्ट्रिकने चाललो होतो. नंबर सांगत नाही, कुणाची नोकरी जायची. मी सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतो. पंचवीस-सव्वीसचा मुलगा, गाडी छान सांभाळत होता, लेन सोडत नव्हता. पण प्रत्येक स्टॉपला ब्रेक डाव्या पायाने. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर मी पुढे गेलो.

"बाळा, आधी काय चालवत होतास?"

"टेम्पो, काका. का?"

"ब्रेक उजव्याने मार. डावा मध्ये आणू नको."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बेस्टचे का?"

"हो."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही असं." मग खाली पायांकडे बघून म्हणाला, "पण मग डावा ठेवू कुठे?"

"मागे ओढून सीटखाली ठेव. मी पहिले दोन महिने नॅपकिनने सीटच्या पायाला बांधणार होतो."

तो हसला. खरंच मी तसा विचार केला होता, हे त्याला सांगितलं नाही. त्याने गाडी वळवून पुन्हा स्टॉपला लावली. मला परत त्याच गाडीने जायचं होतं. तिकीट काढलं, १२ रुपये, आणि या वेळी मागच्या लांब सीटवर खिडकीपाशी जाऊन बसलो. तिथून ड्रायव्हरचे पाय दिसत नाहीत.